लहरींचा कारभार

मराठीतला 'लहर' हा शब्द मोठा गमतीचा आहे. पाण्यावर उठते ती लहर, वाऱ्याची येते ती लहर, आणि मनात आले म्हणून माणूस जे करून बसतो तीही लहरच. 'आज साहेबांची लहर फिरली आहे' असे ऐकले की शिपायापासून कारकुनापर्यंत सगळे चार हात दूर राहतात. पुढे विज्ञान आले, आणि ध्वनिलहरी, विद्युच्चुंबकीय लहरी असे शब्द आमच्या शाळांच्या फळ्यावर उमटू लागले. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत आहे. घरात येणारे गाणे, बातमी, परगावी असलेल्या मुलाचा आवाज, हे सारे ज्या लहरींवरून येते त्यांचा कारभार कोण पाहतो? आणि तो नियमाने पाहतो की लहरीने?

प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. सरकार म्हटले की आपल्याला रस्ता, रेशनचे दुकान, शाळा, कचेरी आणि दाखले आठवतात. आपल्या रेडिओत, दूरदर्शन संचात आणि आता नातवंडांच्या हातांतील मोबाइलमध्ये कोणते आवाज येतील, कोणत्या वाटेने येतील आणि किती दामाने येतील, हेही देशोदेशींच्या सरकारांनी एकत्र बसून, प्रसंगी भांडून ठरविलेले असते, हे सहसा ध्यानात येत नाही. आम्ही स्वतः सरकारी शाळेत उभे आयुष्य काढले. ज्याचे मीठ खाल्ले त्याला उगाच दूषणे देण्याची आमची इच्छा नाही. सरकार नसावेच असे म्हणणाऱ्या शहाण्यांच्या पंगतीतही आम्ही बसत नाही. हे काम सरकारावाचून होणारच नाही असे आमचे मत आहे. आणि म्हणूनच ते कसे व्हावे याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते.

युरोपात तारायंत्र नवे होते तेव्हाची गोष्ट. प्रत्येक राज्याची तार आपापल्या हद्दीपाशी येऊन थांबे. स्ट्रासबर्ग येथे फ्रान्स आणि बाडेन या दोन राज्यांचे एक सामाईक तारघर होते. तेथे टेबलाच्या एका बाजूला फ्रान्सचा कारकून बसे, दुसऱ्या बाजूला बाडेनचा. पॅरिसहून आलेली तार पहिल्याने कागदावर उतरवून घ्यायची, टेबलावरून पलीकडे सरकवायची, आणि दुसऱ्याने तिचे जर्मन भाषांतर करून ती पुढे धाडायची. विजेच्या वेगाने धावत आलेला निरोप दोन हात रुंदीच्या टेबलापाशी येऊन अडखळत असे. ही अडचण विज्ञानाची नव्हती, दोन राज्यांतील समजुतीची होती. १७ मे १८६५ रोजी पॅरिसमध्ये वीस राज्यांनी करार केला, यंत्रे, दर आणि हिशेबाची रीत ठरवून घेतली, आणि आंतरराष्ट्रीय तारसंघ जन्माला आला. तोच पुढे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ झाला, १९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघाशी जोडला गेला, आणि आजही जिनिव्हातून त्याचे काम चालते. हिंदुस्थानचे नाव त्याच्या पटावर १८६९ पासून आहे. मात्र त्या नावाने बोलणारा आवाज तेव्हा आपला नव्हता. तो राज्यकर्त्या इंग्रजांचा होता.

रेडिओ आला आणि अशा समजुतीची गरज शतपटीने वाढली. तार निदान खांबावरून जाते. लहर कोणाच्या हद्दीत शिरली हे तिला स्वतःलाही ठाऊक नसते. दोन केंद्रे एकाच कंप्रतेवर बोलू लागली तर दोघांचेही बोलणे ऐकू येत नाही. ज्यांनी पाटाच्या पाण्यावर शेती केली आहे त्यांना हे अधिक सांगावयास नको. पाणी मोजके, शेतकरी अनेक. पाळी ठरलेली नसेल तर पाटाच्या तोंडाशी असलेला दांडगा आधी आपले वावर भिजवून घेतो आणि शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्याला कोरडा पाट येतो. आकाशातही तेच घडले. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर जी कक्षा आहे, तीत ठेवलेला उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसतो. जागा मोलाची आणि मर्यादित. ज्यांच्याकडे पैसा व विद्या आधी आली त्यांनी तेथे आधी ठाणे मांडले. नवस्वतंत्र देशांनी तक्रार केली, आणि १९८५ व १९८८ सालच्या जागतिक परिषदांत प्रत्येक देशासाठी काही जागा राखून ठेवण्याची योजना झाली. आपला इन्सॅट-१बी १९८३ साली आकाशात गेला आणि दूरदर्शन गावोगावी पोहोचले, हे आमच्या वयाच्या मंडळींना आठवत असेल. ही पाळी मिळवून देणे कोणा व्यापाऱ्याला किंवा एकट्यादुकट्या नागरिकाला शक्य नसते. तेथे देशाच्या वतीने सरकारच उभे राहावे लागते.

लहरींचे जे, तेच बातमीचे. १८७० साली फ्रान्सची हावास, जर्मनीची वोल्फ आणि इंग्लंडची रॉयटर या तीन वृत्तसंस्थांनी आपसांत करार करून जगाची वाटणी केली. ब्रिटिश साम्राज्य रॉयटरच्या वाट्याला गेले, आणि त्याबरोबर आपणही गेलो. आपल्याकडील वार्ता जगाला कळावयाची ती रॉयटरच्या चष्म्यातून, आणि जगाची वार्ता आपल्याला कळावयाची तीही त्याच चष्म्यातून. ही व्यवस्था काही ना काही रूपात १९३४ पर्यंत टिकली. देश स्वतंत्र झाल्यावर येथील वृत्तपत्रांनी मिळून प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया उभी केली, आणि १९४९ साली रॉयटरच्या येथील शाखेचे काम तिने हाती घेतले. ध्वज बदलतो एका रात्रीत. कानावर पडणाऱ्या बातमीचा मालक बदलण्यास मात्र वर्षे लागतात.

येथपर्यंतची कथा सरकारच्या गरजेची झाली. आता दुसरी बाजू. दाराशी पहारेकरी ठेवला की चोर येत नाही हे खरे, परंतु काही काळाने पहारेकऱ्याला वाटू लागते की घरातल्या माणसांनी कोणाशी बोलावे हेही आपणच ठरवावे.

याचे सर्वांत गोड, आणि म्हणूनच सर्वांत बोलके उदाहरण एका मराठी मंत्र्याचे आहे. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. स्वतः विद्वान, शास्त्रीय संगीताचे मर्मज्ञ. राजेरजवाड्यांचा आश्रय संपल्यावर गवयांच्या मागे आकाशवाणी उभी राहिली यात त्यांचा वाटा मोठा आहे. १९५४ साली सुरू झालेले आकाशवाणी संगीत संमेलन त्यांच्याच काळातले. पुष्कळ थोर कलावंत सामान्य माणसाच्या घरात पोहोचले ते त्या धोरणामुळे, हे ऋण आम्ही मान्य करतो. परंतु सिनेमाचे गाणे त्यांना हलके वाटे. त्यांच्या धोरणामुळे आणि चित्रपट निर्मात्यांशी झालेल्या वादामुळे ते गाणे आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाले. मग काय झाले? श्रोत्याने रेडिओची खुंटी थोडी फिरविली. समुद्रापलीकडे कोलंबोत महायुद्धाच्या काळातील एक जबरदस्त प्रक्षेपक होता, त्यावरून रेडिओ सिलोन बोलत असे. १९५२ च्या अखेरीस तेथून अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री अवघा हिंदुस्थान परदेशी केंद्राला कान लावून बसू लागला. लहान देशाच्या तिजोरीत जाहिरातींचा पैसा जमला, आणि आपल्या मंत्र्यांचे शास्त्रीय संगीत रिकाम्या दिवाणखान्यात घुमत राहिले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली.

आम्ही शाळकरी वयाचे झालो तोपर्यंत हा झगडा इतिहासजमा झाला होता, पण सिलोन ऐकण्याची सवय घराघरांत उरली होती. इंदूरच्या आमच्या वाड्यात वडील सकाळी दिल्लीहून येणाऱ्या मराठी बातम्या उभ्याने ऐकत, आणि बुधवारी रात्री तेच वडील 'आवाज जरा बेताने ठेवा' एवढे सांगून गीतमालेकडे डोळेझाक करीत. त्या काळी रेडिओलाही परवाना लागे. पोस्टात जाऊन पैसे भरावयाचे आणि पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यावयाचा. परवाना भारत सरकारचा, रेडिओ मर्फीचा, आणि गाणे सिलोनचे, असा तो संसार होता. एक गोष्ट मात्र त्यातून आम्ही शिकलो आणि मास्तरकीत ती फार उपयोगी पडली. चांगले ते द्यावे, आग्रहाने द्यावे. पण दुसरे बंद करून चांगल्याची गोडी लावता येत नाही. ज्या वर्गात गोष्टीच्या पुस्तकांवर जप्ती येते, त्या वर्गात धडेही कोणी मनापासून वाचीत नाही.

सिलोनचा प्रकार करमणुकीचा होता. त्याच दशकात आपल्याच शेजारी याहून गंभीर प्रसंग घडत होता. गोव्यात पोर्तुगिजांचे राज्य होते आणि वृत्तपत्रांवर सालाझारच्या राजवटीची करडी नजर होती. अशा वेळी नोव्हेंबर १९५५ मध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या तरुण मंडळींनी हद्दीबाहेरच्या जंगलात प्रक्षेपक बसवून कोंकणी व पोर्तुगीज भाषांतून स्वातंत्र्याची नभोवाणी चालविली. आधी आंबोलीच्या परिसरातून, पुढे कॅसलरॉकच्या बाजूने, साप-विंचवांच्या सोबतीत, गोवा मुक्त होईपर्यंत म्हणजे डिसेंबर १९६१ पर्यंत हे काम चालले. गोव्यातील सत्तेच्या दृष्टीने ती बेकायदा लहर होती. गोव्यातील माणसाच्या दृष्टीने ती एकच खरी बातमी होती. 'परदेशी आवाज आमच्या हद्दीत नको' असे एखादे सरकार म्हणते तेव्हा ते आपल्या लोकांचे रक्षण करीत आहे की आपलेच, हे त्या सरकारच्या तोंडून कळत नाही. ते ऐकणाऱ्याला विचारावे लागते.

यापुढचा प्रसंग आम्हांला सर्वांत अधिक विचार करावयास लावतो. १९७० नंतरच्या काळात आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील देशांनी जोराने मागणी केली की बातम्यांचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो आहे, तो दोन्ही दिशांनी वाहावा. मोठ्या वृत्तसंस्थांना आमचे पूर दिसतात, आमचे दुष्काळ दिसतात, आमची धरणे आणि विद्यापीठे दिसत नाहीत. मागणी न्याय्य होती. तीत भारत पुढे होता. जुलै १९७६ मध्ये अलिप्त राष्ट्रांच्या माहितीमंत्र्यांची परिषद नवी दिल्लीत भरली आणि अलिप्त राष्ट्रांच्या वृत्तसंस्थांचा सामाईक संघ रीतसर उभा राहिला. परंतु त्या जुलै महिन्यात या देशात काय चालले होते? २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली होती. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणीचा अंमल होता. चारही वृत्तसंस्था एकत्र करून फेब्रुवारी १९७६ मध्ये 'समाचार' नावाची एकच संस्था केली होती. जगाच्या सभेत आपण म्हणत होतो की बातमीवर मूठभरांची मक्तेदारी नको. आणि घरी बातमीचा नळ एकच ठेवून त्याची तोटी आपल्या हाती घेतली होती. आणीबाणी उठली आणि १९७८ मध्ये 'समाचार' विसर्जित होऊन चारही संस्था पुन्हा वेगळ्या झाल्या, हे त्यातल्या त्यात समाधान.

युनेस्कोने या साऱ्या वादाचा विचार करण्यासाठी १९७७ साली आयर्लंडचे शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखाली सोळा जणांचा आयोग नेमला. आपले पत्रकार बी. जी. वर्गीज त्यात होते, कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस होते. 'अनेक आवाज, एक जग' या नावाचा त्यांचा अहवाल १९८० साली आला. प्रवाह एकतर्फी आहे हे त्याने मान्य केले, तसेच पूर्वतपासणी आणि मनमानी नियंत्रण जावे, असेही स्पष्ट सांगितले. म्हणजे धनवान देशांच्या वृत्तसंस्थांना आणि दरिद्री देशांच्या सत्ताधीशांना, दोघांनाही त्याने एकेक कडू गोळी दिली. दोघांनीही आपापली गोळी बाजूला ठेवून दुसऱ्याची तेवढी वाखाणली. युनेस्कोविषयीच्या इतर तक्रारींबरोबर हेही कारण पुढे करून १९८४ च्या अखेरीस अमेरिका आणि १९८५ मध्ये ब्रिटन त्या संस्थेतून बाहेर पडले. ब्रिटन परत यावयास १९९७ उजाडले आणि अमेरिकेला २००३. तोपर्यंत ती मागणी कपाटात गेली होती.

ती कोणी हाणून पाडली? बलिष्ठ देशांनी, हे उत्तर अर्धे आहे. उरलेले अर्धे असे, की मागणी करणाऱ्या अनेक सरकारांचे घरचे वर्तन त्यांच्याच विरुद्ध साक्ष देत होते. परगावी न्याय मागणाऱ्याने घरी अन्याय करू नये, नाहीतर प्रतिपक्षाच्या वकिलाला कष्टच पडत नाहीत.

३१ ऑक्टोबर १९८४ चा दिवस आमच्या पिढीला विसरता येत नाही. सकाळी नऊनंतर पंतप्रधान इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. बी.बी.सी.ने निधनाची वार्ता दिवसाच दिली. आकाशवाणीने ती दिली सायंकाळी सहाच्या सुमारास. बंगालच्या दौऱ्यावर असलेल्या प्रत्यक्ष राजीव गांधींनाही बी.बी.सी. ऐकूनच खात्री करून घ्यावी लागली होती. आम्ही तेव्हा शाळेत होतो. दिवसभर गल्लीत कुजबुज चालली होती आणि मोठी माणसे आकाशवाणी लावून लंडनची वार्ता एकमेकांना सांगत होती. सरकारची अडचण आम्ही समजू शकतो. शांतता राखावयाची होती. पण ज्या तासांत खरी बातमी गप्प बसते, त्या तासांत अफवा मोकळ्या फिरतात, आणि त्यांना परवाना लागत नाही.

या कोंडीतून एक वाट आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने दाखविली, आणि त्यातही एका मराठी न्यायाधीशाचा हात होता याचा आम्हांला अभिमान वाटतो. १९९३ सालच्या हीरो चषकाचे सामने कोणी दाखवावेत यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात तंटा झाला. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्णय दिला की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची खाजगी जहागीर नव्हे, तशीच ती पैसेवाल्यांनी लुटून न्यावी अशीही नव्हे. तिचे नियमन समाजाच्या हितासाठी एका स्वतंत्र सार्वजनिक संस्थेने करावे. सरकार मालक नव्हे, विश्वस्त आहे. गावच्या देवस्थानाची जमीन पाहणारे पंच असतात तसे. हा निकाल आम्ही दर वर्षी दहावीच्या वर्गाला नागरिकशास्त्राच्या तासाला समजावून सांगतो. एका मुलीने विचारले होते, "सर, मग या लहरींत माझाही हिस्सा आहे का?" आम्ही म्हटले, "आहे, आणि पंतप्रधानांच्या हिश्श्यापेक्षा तसूभरही कमी नाही."

आता काळ महाजालाचा आहे. महाजालावरील नावांचा आणि पत्त्यांचा कारभार १९९८ पासून अमेरिकेतील 'आयकॅन' ही संस्था पाहते, आणि त्यावर अमेरिकन सरकारची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत होती. हे बऱ्याच देशांना खटके. २०११ साली भारताने संयुक्त राष्ट्रसंघात सुचविले की पन्नास देशांच्या सरकारांची समिती नेमून तिच्याकडे हा विषय द्यावा. पुढे विचार बदलला आणि २०१५ साली भारताने सरकारे, संस्था, तज्ज्ञ व नागरिक अशा सर्वांच्या सहभागाची बाजू घेतली. मधल्या काळात, २०१२ साली, दुबईच्या परिषदेत नव्या दूरसंचार नियमावलीवर ८९ देशांनी सह्या केल्या तेव्हा भारताने हात राखून ठेवला होता. आमच्या मते हे धरसोडीचे लक्षण नव्हे. विचार करीत चालण्याचे आहे. घरातही २०१५-१६ मध्ये एक चांगला पाठ गिरविला गेला. एका बलाढ्य परदेशी कंपनीने गरिबांना फुकट महाजाल देऊ केले, पण त्यात कोणती दारे उघडावयाची ते कंपनी ठरविणार होती. दहा लाखांवर नागरिकांनी दूरसंचार नियामक प्राधिकरणाला पत्रे धाडली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये प्राधिकरणाने असा भेदभाव करणारे दर बंद केले. येथे सरकारी यंत्रणा लोकांचे ऐकून, नियमाने आणि बलवानापुढे न वाकता वागली. लहरींचा कारभार असा असावा.

आम्ही भाषेचे शिक्षक. म्हणून एक लहानसे उदाहरण द्यावयाचा मोह आवरत नाही. आमच्या लहानपणी इंदुरातील काही हिंदी छापखान्यांत 'ळ'चा खिळा नसे, आणि मराठी घरची लग्नपत्रिका छापून आली की काळे काले होत आणि गोखले तेवढे शाबूत राहत. संगणक आले तेव्हा हीच गत जगभर होण्याची भीती होती. परंतु केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने भारतीय लिप्यांसाठी एक संकेतप्रणाली आखली होती, आणि युनिकोड ही जगाची वर्णसूची तयार झाली तेव्हा देवनागरीसाठी १९८८ च्या त्या भारतीय प्रणालीचाच आधार घेतला गेला. त्यात 'ळ' होता, आणि आपला वरचा तिरपा 'ऱ'ही होता. नाहीतर आचाऱ्याला दिलेली विसार आणि आचार्याला दिलेली दक्षिणा एकाच खात्यात जमा झाली असती! 'ॲ' हे अक्षर मात्र राहून गेले होते. ते २००८ साली सूचीत आले. इंदूरची आजी अमेरिकेतल्या नातवाला आज शुद्ध मराठीत दोन ओळी धाडते आणि त्या तेथे जशाच्या तशा उमटतात, त्यामागे दिल्लीतील कोणा अनामिक अधिकाऱ्यांनी वेळीच केलेले हे किचकट काम आहे. त्यांचा सत्कार कोणी केला नाही. सरकारचे उत्तम काम बहुधा असेच असते.

आणि वाईट काम कसे असते? परीक्षेत नक्कल होऊ नये म्हणून सप्टेंबर २०२१ मध्ये राजस्थानात अनेक जिल्ह्यांतील मोबाइलचे महाजालच काही तास बंद ठेवण्यात आले. आम्ही वर्षानुवर्षे परीक्षेचे केंद्राध्यक्ष होतो. नक्कल कशी चालते आणि कशी थांबविता येते, हे आम्हांला चांगले ठाऊक आहे. चार पोरांच्या चिठ्ठ्या पकडावयाच्या म्हणून साऱ्या गावाची वाट बंद करणे, हे ढेकणासाठी बाज जाळण्यासारखे आहे. त्या तासांत कोणाचा व्यवहार अडला, कोणाला डॉक्टरशी बोलता आले नाही, याचा हिशेब कोण मांडणार? जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की महाजाल बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि तसे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. १८८५ च्या तार कायद्याच्या जागी संसदेने २०२३ साली नवा दूरसंचार अधिनियम केला. संचार तात्पुरता थांबविण्याचा अधिकार त्यातही आहे. अधिकार असू द्यावा. विस्तव घरात लागतोच. तो चुलीत राहावा एवढेच म्हणणे आहे.

तात्पर्य काय? जगाच्या सभेत आपल्या सरकारने ताठ उभे राहावे. आपल्या लहरींची पाळी, आपल्या उपग्रहाची जागा, आपल्या लिपीचे अक्षर न् अक्षर भांडून मिळवावे. तेथे नागरिकांनी त्याच्या पाठीशी असावे. परंतु घरी परतल्यावर त्याच सरकारने आपण विश्वस्त आहोत हे विसरू नये, आणि ते विसरू लागले तर आठवण देण्याचे काम आपले आहे. तेवढ्यासाठी मोर्चाच काढावा लागतो असे नाही. नियामकाने सूचना मागविल्या की दोन ओळींचे पत्र धाडावे, वर्गात आणि घरात मुलांना हा विषय सांगावा, आणि जे मिळते ते कोणाच्या कृपेने नव्हे, हक्काने मिळते हे त्यांच्या मनावर ठसवावे.

पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या गावांत एक जुनी शिस्त असते. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचा मान राखावयाचा, पण आपल्या पाळीच्या रात्री कंदील घेऊन बांधावर स्वतः जागावयाचे. लहरींच्या बाबतीतही आपल्याला तेच करावे लागेल.